नदीचं मूळ, वाड्याचं मूळ

माझा पुतण्या डब्लिनला असतो. गेल्या वर्षी एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तो नव्हताच, नुसती पांढरी भिंत होती.

"काका, ही भिंत बघा. दोन फूट जाड!"

दोघं नवराबायको दोन दिवस खेड्यातल्या एका जुन्या शेतघरात राहायला गेले होते. पडायला आलेलं घर कुणीतरी पुन्हा उभं केलं होतं, त्याचं भाडं हा युरोत भरत होता. त्याने मला घर फिरवून दाखवलं. वर गवताचं छप्पर, भिंतीला चुन्याचा हात, आणि दार मधोमध आडवं कापलेलं. खालचा अर्धा भाग लावून घ्यायचा आणि वरचा उघडा ठेवायचा, म्हणजे कोंबड्या बाहेर राहतात, रांगती पोरं आत राहतात आणि उजेडही येतो. शेकोटीची जागा एवढी मोठी, की आपलं आख्खं स्वयंपाकघर तिच्यात मावावं. तिथला विस्तव म्हणे पूर्वी रात्रीसुद्धा विझू देत नसत. आणि घराच्या एका टोकाला, त्याच छपराखाली, गाई बांधत.

"गाईंच्या अंगाची ऊब माणसांना मिळायची. काय विचार केलाय ना त्या लोकांनी!"

हाच पुतण्या बारा वर्षांचा असताना गावच्या वाड्यात आला, की गोठ्याचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल बांधून जेवायला बसायचा. आयरिश गाईच्या शेणाला वास नसतो, की युरो मोजले की तो येईनासा होतो, हे मी विचारलं नाही. एवढंच म्हणालो, "आपली भिंत तीन फुटांची आहे."

तिकडे जरा शांतता पसरली. मग तो म्हणाला, "आपली कुठली?"

तर ती आपली भिंत. गाव जुन्नर तालुक्यात, पण ओढा ओलांडला की आंबेगाव. त्या गावठाणात आमचा वाडा. भाऊबंद त्याला लग्नपत्रिकेत वाडा म्हणतात आणि घरपट्टी भरताना पडकं घर म्हणतात. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, मध्ये चौक, चौकाच्या चारी बाजूंनी सोपे. सोप्यातले सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे. पूर्वी घराचं माप फुटात सांगत नसत, खणात सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि ती किती असायची ते तुळईला मिळालेलं लाकूड ठरवायचं. आमचा पुढचा सोपा पाच खणांचा. त्यातल्या दोन खणांत कांदा, एकात चुलत्यांची बंद पडलेली मोटारसायकल, एकात भाऊबंदांचा वाद. पाचवा खण पावसाने नेलेला.

वाडा किती जुना? थोरले काका म्हणतात, शिवकालीन. त्यांचा दोष नाही. 1630 साली शिवनेरीवर महाराज जन्मले, तेव्हापासून गडाच्या दहा कोसांत जुनं दिसेल ते शिवकालीन असतं. आमच्याकडचा पाटा-वरवंटा शिवकालीन आहे. काकांचं घड्याळही आहे.

डब्लिनच्या त्या भिंतीने मात्र घरात ठिणगी पडली. पुतण्याने थोडे पैसे पाठवले, मुंबईकरांनी थोडे कबूल केले, आणि पुण्याहून जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एक आर्किटेक्ट मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी दोन दिवस वाडा मोजला, विटा नखाने खरवडल्या, खांबांवरच्या महिरपीखाली मान वाकडी करून उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, पेशवाईचा शेवट किंवा त्याच्या थोडं नंतरचा असावा. काका खचले. त्यांचं वय एकाएकी दीडशे-दोनशे वर्षांनी कमी झाल्यासारखे ते तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसून राहिले.

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला: "वाडा मूळ स्वरूपात आणायचा, तर मूळ स्वरूप कोणतं धरायचं?"

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. आमच्याकडे नदीचं मूळ शोधायला काही त्रास नाही. कुकडीचं मूळ हवं तर पूर गावी जा, कुकडेश्वराचं कोरीव देऊळ बघा, तिथेच दाखवतात. वाड्याचं मूळ शोधायला मात्र यात्रेपर्यंत थांबावं लागलं, कारण सगळे सहहिस्सेदार एकदम गावात सापडतात ते फक्त यात्रेला. बाकी वर्षभर आमचं गाव मुंबईत असतं. जुन्नर सोडून जायची रीत तशी जुनी आहे. मलिक अहमद निजामशहाने 1490 साली जुन्नरला स्वतःचं राज्य थाटलं आणि चार वर्षांत नवं अहमदनगर वसवून बिऱ्हाड हलवलं. तेव्हापासून आम्ही निघतोच आहोत. फरक इतकाच, की तो नगरला गेला आणि आमची माणसं भायखळ्याच्या भाजीबाजारात गेली.

तर यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, तमाशाच्या जागरणाने डोळे तांबडे झालेली मंडळी चौकात सतरंजीवर बसली. नमुना आठच्या उताऱ्यावर सतरा नावं, त्यातली चार स्वर्गवासी. या चौघांनी शेवटपर्यंत कसलीही हरकत घेतली नाही, हे त्यांचे उपकार.

थोरल्या काकांचं मूळ स्वरूप म्हणजे हिरवा ऑइलपेंट. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी पहिल्या कमाईतून सगळ्या खांबांना तो दिला होता आणि तेव्हा आजूबाजूच्या पाच गावांतून लोक खांब बघायला आले होते. मधल्या काकांना पुढच्या सोप्यातली रेडिओची फळी आठवत होती. ती फळी गेली म्हणजे वाडा गेला. दादाचं म्हणणं, मूळ छप्पर पत्र्याचंच, कारण त्याला कळायला लागल्यापासून पत्राच होता आणि पाऊस पडला की आईची हाक ऐकू यायची नाही, हे बालपणातलं एकमेव सुख. मुंबईच्या काकूंच्या मूळ स्वरूपात गोठा नव्हता आणि सासूबाईही नव्हत्या. प्रत्येकाचं मूळ त्याच्या दहाव्या वर्षी सुरू होत होतं. आत्या तेवढी काही बोलली नाही. ती शेंगा सोलत बसली होती.

मॅडम शहाण्या. त्यांनी वाद मिटवला नाही, भिंत खरवडायला सुरुवात केली.

आणि भिंत बोलायला लागली. बाहेरच्या अंगाला आधी पिवळा डिस्टेंपर निघाला, त्याखाली हाताचा पंजा. पंजाखाली गाय-वासरू. गाय-वासराखाली बैलजोडी. मॅडमनी वहीत लिहून घेतलं, की बैलजोडीचा थर 1969 च्या आधीचा, कारण त्या वर्षी पक्ष फुटला आणि पुढे चिन्ह गेलं. उत्खननात खापरांवरून काळ ठरवतात, आमच्याकडे मतपेटीवरून ठरला. बैलजोडी जतन करावी, असं एका चुलत्यांचं मत पडलं. ते नक्की वारसाप्रेमातून पडलं की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवर डोळा ठेवून, यावर दुसऱ्या चुलत्यांनी शंका घेतली आणि काम अकरा दिवस बंद राहिलं.

सगळ्यात आत चुना होता. दर दिवाळीला दिलेल्या चुन्याचे पापुद्रे, एकावर एक, पुरीसारखे सुटलेले. डब्लिनच्या त्या घराला चुना देतात तोच हा. आम्ही तो सोडला आणि सिमेंट धरलं, तिथे माती खाल्ली. म्हणजे भिंतीने माती सोडली. पंचवीस वर्षांपूर्वी ओल येते म्हणून खालच्या चार फुटांना सिमेंटचं प्लॅस्टर केलं होतं. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि उन्हाळ्यात अंगातून बाहेर टाकते. सिमेंटने तिचं अंग बंद केलं. पाणी आत अडकलं, वर चढलं, आणि प्लॅस्टर दर पावसाळ्यात पोट फुगल्यासारखं पुढे येऊन खाली बसायला लागलं. आम्ही दर वर्षी आणखी सिमेंट लावत होतो. ताप आलेल्या माणसावर गोधड्या टाकत जावं तसं.

आता चुनाच वापरायचा ठरलं. कळीचा चुना आणला, हौदात विरवला, झाकून ठेवला. चुन्याला घाई चालत नाही. लावल्यावरही तो हवेतला वायू ओढून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. नात्यातल्या काही माणसांचं असंच होतं, पण त्यांना वेळ कमी लागतो. त्या चुन्यात काय घालायचं, तर गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाची डाळ. मॅडमनी यादी वाचली तेव्हा काकू म्हणाल्या, "बाळंतिणीचं आहे का?"

हिरडा आमच्याच डोंगरातला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या अंगाला, महादेव कोळ्यांची घरंच्या घरं हिरडा गोळा करतात. तो वैद्यांकडे जातो आणि बाकीच्या महाराष्ट्राचं पोट साफ ठेवतो. गूळ तर काय, जिकडे बघावं तिकडे ऊसच. म्हणजे आमच्या भिंतीने खाल्लेलं सगळं स्थानिक होतं. गवंड्याने हिरडा उकळला, त्यात गूळ विरघळवला आणि बोट बुडवून चाखून बघितला. भिंतीच्या पोटात ओल साचली आहे म्हटल्यावर हा काढा मला अगदी रास्त वाटला. उडदाचं तेवढं वाईट वाटलं. त्या हप्त्यात घरात घुट्याचं कालवण झालं नाही, भिंतीने खाल्लं.

खरी अडचण घाणीची. चुना आणि वाळू एकजीव व्हायला दगडी घाणीत घालून भरडावी लागते. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. चर मिळाला, चाक ओढ्याच्या कडेला धुणं धुवायला लावलेलं सापडलं. बैल मिळेना. आमच्या भागात बैल नाहीत असं नाही, पण आहेत ते शर्यतीचे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा सगळ्या उत्तर पुण्यात सुतक पडलं होतं. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा लोकांनी गुलाल उधळला आणि बैलांनाही तो लावला. या बैलांना बदाम असतात, अंडी असतात, मालकाच्या पोरांना नसेल एवढं दूध असतं. अशा एका मालकाकडे मी आणि दादा गेलो. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"गोल फिरायचं?" त्याने विचारलं.

"हो. सावकाश."

"माझा बैल घाटात बारा सेकंदांत बारी मारतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही त्याला गोल फिरवणार. सावकाश." मग आत वळून बायकोला म्हणाला, "पाहुण्यांना पाणी दे. निघालेत."

शेवटी मिक्सर लावला. मॅडमनी तोंड फिरवलं आणि फोटोत तो येणार नाही याची काळजी घेतली.

काम रेंगाळलं तशी आमच्यात निराशा पसरली. मूळ काही सापडत नव्हतं. मग एक दिवस मॅडम आम्हाला लेण्याद्रीला घेऊन गेल्या. आम्ही तिथे शेकडो वेळा गेलेलो, पण गणपतीला. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं, माकडापासून प्रसाद वाचवायचा आणि उतरायचं. त्यांनी गणपतीच्या ऐवजी आधी शेजारच्या चैत्यगृहाचं छत बघायला लावलं. वर दगडात कोरलेल्या कमानदार फासळ्या. त्या काहीही पेलत नाहीत, कारण वर अख्खा डोंगर आहे आणि तो स्वतःला पेलायला समर्थ आहे. पूर्वी चैत्य लाकडाचे असत आणि छताला अशा वाकवलेल्या फासळ्या असत. कार्ल्याच्या चैत्यात अजून खऱ्या लाकडी आहेत. इथल्या कारागिरांनी त्यांची नक्कल दगडातच कोरली.

"म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना जुन्या पद्धतीचं लाकडी छत हवं होतं?" मधल्या काकांनी विचारलं.

"हो."

"आणि बजेट दगडाचं होतं," दादा म्हणाला.

गणपती बसला आहे तो सभामंडप म्हणजे भिक्षूंचा विहार. भलामोठा, आणि मधे एकही खांब नाही. कडेच्या खोल्यांमधून भिक्षू राहत. आमच्या थोरल्या काकांनी त्या बिनखांबी मंडपात उभं राहून वर बघितलं, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या हिरव्या खांबांबद्दल काही बोलावंसं वाटलं नाही. उतरताना म्हणाले, "ऑइलपेंट काढा. पण एक खांब ठेवा." तसा एक ठेवला आहे. पाहुणे विचारतात, हा हिरवा का? आम्ही सांगतो, बहात्तरकालीन.

यानंतरचं काम भरभर झालं. कडीपाटाच्या वाळवी लागलेल्या पाट्या बदलल्या, पत्रा जाऊन मंगलोरी कौलं आली, आणि दादाने निरोपादाखल पत्र्यावर एक दगड मारून तो आवाज शेवटचा ऐकून घेतला. भिंतीत एक बळद सापडलं. सोनं असेल म्हणून हयात असलेल्या तेराच्या तेरा सहहिस्सेदारांचे फोन आले. आत मूठभर काळं पडलेलं धान्य निघालं, मग फोन बंद झाले. एका सकाळी मागच्या पडवीत ओल्या चुन्यावर पंजा उमटलेला दिसला. हा निवडणुकीचा नव्हता. आमच्या उसात बिबटे वाड्यातल्या माणसांपेक्षा जास्त आहेत, आणि शिवनेरीपासून जवळच माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रसुद्धा आहे. मॅडमनी तो ठसा तसाच वाळू द्यायला सांगितला. वाड्यातली ती एकच गोष्ट, जिच्या मूळपणाबद्दल भाऊबंदांत एकमत आहे.

एक प्रश्न मात्र मूळ स्वरूपाने सुटण्यासारखा नव्हता. मूळ वाड्याला संडास नव्हता. मूळ संडास म्हणजे ओढ्यापलीकडचं शेत, म्हणजे चालत आंबेगाव तालुक्यात जावं लागे. इथे मॅडमसकट सगळ्यांनी इतिहासाकडे पाठ फिरवली आणि गोठ्याच्या जागी चार न्हाणीघरं बांधली, गरम पाण्यासकट.

आणि दार. पुढचा दरवाजा नव्हताच. नव्वदच्या सुमाराला आमच्यातल्याच एकाने तो जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकला होता. आता तो कुठल्याशा हॉटेलात काच लावून जेवणाचं टेबल झाला असेल. नवा करायचा तर सागवानाचा भाव ऐकून सुतारालाच वाईट वाटलं. तेव्हा आत्याने शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"माझ्याकडं आहे दार."

आत्याचं सासर जुनं आंबेगाव. ज्या गावाच्या नावाने तालुका आहे ते गाव डिंभे धरणात गेलं, कचेरी घोडेगावात बसते आणि तालुका पाण्याखालच्या गावाचं नाव लावतो. पाणी येणार म्हणताना आत्याच्या सासऱ्यांनी घरातलं दुसरं काही न्यायच्या आधी पुढचा दरवाजा उतरवला होता. नव्या वसाहतीतल्या घराला तो बसेना. दोन पाखी, पितळी कड्या, अडसराची खाच, एका पाखीत दिंडी. इतकी वर्षं तो त्यांच्या पडवीत विटांवर आडवा होता आणि त्यावर कांदा वाळत होता.

टेंपोतून तो आला. मॅडमनी हात फिरवला, वास घेतला, आणि अवघडून म्हणाल्या, "पण हे या वाड्याचं मूळ दार नाही."

"दार मूळचंच आहे," आत्या म्हणाली. "घर राहिलं नाही, त्याला दार काय करील?"

दार चौकटीपेक्षा वीतभर ठेंगणं निघालं. सुताराने वर गणेशपट्टीखाली फळी घालून जुळवून घेतलं. दिंडी मात्र आणखी खाली आली आणि आता आत शिरणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं. मोठी पाखी आत्या यात्रेशिवाय उघडू देत नाही. तिने मुक्कामच हलवला आहे. देवडीत घोंगडी टाकून बसते. पाहुणे येतात, पुणे, ठाणे, क्वचित परदेश. ती विचारते, "कुठून आलात?" ते सांगतात. मग ती दिंडीकडे बोट करून म्हणते, "वाका. आंबेगावात शिरताय." नाणेघाटात सातवाहनांच्या काळी जकात घ्यायला दगडी रांजण ठेवला होता असं सांगतात. आत्याने पितळी तांब्या ठेवला आहे. त्यातल्या पैशांचा हिशेब सतरापैकी एकालाही विचारता आलेला नाही.

दिवाळीत पुतण्या सहकुटुंब आला. दिंडीत डोकं आपटून आत आला, कपाळ चोळत त्याने भिंतीची जाडी हाताने मोजली, खरंच तीन फूट! खांबावरून हात फिरवला, चौकात उताणा झोपून आकाशाचे फोटो काढले. बिबट्याचा ठसा बघितला. मग सगळीकडे हिंडून आला आणि जरा हिरमुसून म्हणाला, "काका, गोठा कुठाय?"

"तू सकाळी अंघोळ केलीस तिथे."

"अरेरे. ते हवं होतं. सगळा ओरिजिनल फील त्यातच असतो."

संध्याकाळी त्याला शेजारच्यांकडे घेऊन गेलो. त्यांच्या चार गाई नुकत्याच धारेला उभ्या होत्या. खिशातून रुमाल निघालेला मी बघितला, पण माझ्याकडे बघून त्याने नुसतं कपाळ पुसलं. फोटो काढू का, असं त्याने अदबीने विचारलं. शेजाऱ्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि त्याच्या हातात शेणाची पाटी दिली.